बहिरी म्हणतात मला

मित्रांनो, मंगळवार पेठेतल्या एका घरात, बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर वर्षानुवर्षे टांगलेले मी एक जुने चित्र आहे. माझ्यात कातळावर एक शिकारी पक्षी बसला आहे. त्याच्यामागे जोतिबाचा डोंगर, खाली उसाची शेते.

आकाराम पेंटर सिनेमाचे बॅनर रंगवत. डब्यांत उरलेल्या रंगांतून त्यांनी मला घडवले. कुण्या नायिकेच्या गालांचा गुलाबी माझ्या आभाळाला आला. कोपऱ्यात त्यांनी पक्ष्याचे नाव लिहिले, 'बहिरी'. ससाण्याची ती एक जात. पण घरी येणारा प्रत्येक जण विचारी, "पाखरू बहिरं हाय व्हय?"

आकाराम बायकोकडे, चिमणाबाईंकडे पाहून हसत. "चिमणीच्या घरात ससाणा ठेवायचा, तर बहिराच बरा की!"

तेव्हापासून सगळे मला बहिरीच म्हणू लागले आणि माझ्यासमोर बिनधास्त बोलू लागले. मी मात्र सारे ऐकत होते.

आकाराम गेले. चिमणाबाई दर दसऱ्याला जुन्या लुगड्याच्या मऊ, कोरड्या तुकड्याने मला पुसत. पुढे त्यांचा हात पोहोचेना, ऐकूही कमी येऊ लागले. माझ्या डोंगरावर धूळ साचली.

परवा घराला रंग द्यायचे ठरले. त्यांचा मुलगा सयाजी आणि सून पूर्णिमा माझ्यासमोरच बोलत होते.

"अवो, टीव्हीला ही भिंत मोकळी पायजे. चित्र भंगारवाल्याला देऊया."

"हळू की. आई बसलीया."

"त्यांना कुठं ऐकू येतंय?"

"आणि हिला?" सयाजीने माझ्याकडे बोट केले. दोघे हसले.

कोपऱ्यात लसूण सोलणाऱ्या चिमणाबाईंचा हात क्षणभर थांबला, मग पुन्हा चालू लागला. माझा जीव मात्र थाऱ्यावर राहिला नाही. गल्लीत कुणीही ओरडले, की वाटे, भंगारवाला आला!

आज सकाळी ती हाक खरोखरच आली. सयाजीने मला खिळ्यावरून उतरवले. उंबऱ्यात चिमणाबाई उभ्या होत्या.

"ठेव तिला खाली."

"आई, तुला ऐकू आलं?"

"डाव्या कानानं झकास येतंय. कुणी इचारलंय कधी? आता आम्हा दोघी बहिऱ्यांना एकाच खोलीत ठेव. तुझी भिंत मोकळी!"

सयाजीने मला हळूच खाली टेकवले. दारात जाऊन तो म्हणाला, "पावणं, काय न्हाय द्यायचं. जावा."

आता मी चिमणाबाईंच्या खाटेशेजारी भिंतीला टेकून उभे आहे. खिळा अजून मारलेला नाही. उद्या रंगारी बादल्या घेऊन येतील, म्हणून धाकधूक आहेच.

मित्रांनो, तुमच्या घरात असे एखादे चित्र असेल, तर त्याला ओले फडके लावू नका. आणि ज्याला ऐकू येत नाही असे तुम्ही धरून चालता, त्याच्या दोन्ही बाजूंनी एकदा हाक मारून पाहा.