पातळ शेला

चंद्रभानजींनी परत केलेला शेला वच्छलाबाईंनी फेकून दिला नव्हता, की पेटीत घालून जपूनही ठेवला नव्हता. त्या तो बिनधास्त वापरत. हिवाळ्यात कानाला गुंडाळत, एसटीत पांघरत, गावाला जाताना पिशवीत कोंबत. राग माणसाचा असतो, कापडाने काय घोडं मारलंय?

झालं होतं असं. त्यांची लेक चंदा अकोल्याजवळच्या गावात दिली. मांडवात व्याहीभेट झाली तेव्हा चंदाच्या मामाने व्याह्यांच्या, म्हणजे वऱ्हाडात म्हणतात त्या इवायाच्या, चंद्रभानजींच्या खांद्यावर शेला घातला. वच्छलाबाईंनी नवऱ्यामागे एकटीच्या हिमतीवर लग्न काढलं होतं, शेलाही स्वतः पारखून आणला होता. चंद्रभानजींनी तो दोन बोटांत धरला, उजेडाकडे करून पाहिला आणि भर मांडवात म्हणाले, कापड पातळ आहे. शेला परत आला. दुसरा आणेपर्यंत पंगत खोळंबली. आता चंदाची पोरगी शाळेत जायला लागली, तरी चंदाच्या हातून काही चुकलं की सासरे म्हणत, माहेरचं कापडच पातळ. लेक हे फोनवर हसून सांगे. आईला ते हसू बरोबर कळे.

तर असा तो शेला पिशवीत घालून वच्छलाबाई त्या दिवशी अमरावतीच्या स्कॅन सेंटरवर आल्या होत्या. दुखणं हत्तीच्या पावलांनी आलं होतं. आधी कंबर धरली, मग डावा पाय बधिर व्हायला लागला. मूर्तिजापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन लवकर झालं नाही तर पाय जाईल, आणि कमरेचा एमआरआय काढल्याशिवाय ऑपरेशन नाही. सरकारी योजनेत नंबर लागायलाच किती दिवस गेले होते. आज चुकला की परत रांगेच्या शेपटाला. मुलगा कुलदीप त्यांना गाडीने बडनेऱ्याला आणि तिथून ऑटोने घेऊन आला. आत मशीनकडे जाणाऱ्या बोळीत नातेवाइकांना मनाई होती, म्हणून तो बाहेर रस्त्यावर थांबला.

सेंटरची एक रीत होती. मशीन घडीभरही रिकामी राहू नये म्हणून योजनेच्या पेशंटना आधीच कपडे बदलायला लावायचे आणि गाऊन घालून बोळीतल्या बाकावर ओळीने बसवायचं. बाई काय, माणूस काय, बाक एकच. कपडे संडासात बदलायचे. गाऊन मागून उघडा, नाड्या निम्म्या तुटलेल्या. आणि ती बोळ म्हणजे रस्ताच होता. चहावाला जाई, वॉचमन जाई, फिल्म न्यायला आलेले लोक जात, आणि जाता जाता पाहत. झाकली मूठ सव्वालाखाची म्हणतात. इथं मूठ झाकायलाच काही नव्हतं.

वच्छलाबाई भिंतीला पाठ चिकटवून बसल्या. डोक्यावर पदर नाही ही गोष्ट त्यांना कमरेपेक्षा जास्त ठणकत होती. डोक्या-अंगावर दुसरं काही घ्यायचं नाही अशी नर्सची ताकीद होती, म्हणून शेलाही पिशवीतच राहिला होता. शेजारी मूर्तिजापूरच्याच रजियाबी होत्या. त्यांना बुरखा काढायला लावला होता, तो त्यांनी गुडघ्यांवर पसरून दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. समोर एक दार होतं, त्याला जाड पडदा. वच्छलाबाईंच्या डोळ्यांदेखत एक बाई आपल्या कपड्यांत आली, नर्स तिला पडद्याआड घेऊन गेली, अंगभर चादर लपेटून बाहेर आणलं आणि थेट मशीनच्या खोलीत नेलं. ती रोख पैसे देणारी होती, हे कोणी सांगायची गरज नव्हती.

मग त्यांची नजर बाकाच्या दुसऱ्या टोकाला गेली. एक म्हातारा भिंतीकडे तोंड करून बसला होता. पांढऱ्या मिशा, उघडं टक्कल, काडीसारख्या पोटऱ्या. मिशा ओळखीच्या वाटल्या. टक्कल मात्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, कारण चंद्रभानजी टोपीशिवाय कधी कोणाला दिसलेच नव्हते.

दोघांची नजरानजर झाली आणि दोघांनीही लगेच मान फिरवली. ओळख दाखवायची म्हणजे काय, राम राम घालायचा? या अवतारात? वच्छलाबाईंनी इवायासमोर कधी पदर ढळू दिला नव्हता, आणि ते ईनबाईसमोर, म्हणजे विहिणीसमोर, कधी बाजेवर पाय पसरून बसले नव्हते. तेव्हा रीत पाळायची म्हणून दोघंही अनोळखी झाले. अकोला सोडून हा माणूस इथं का आला असेल, तेही त्यांच्या ध्यानात आलं. तिकडे त्याला सगळे ओळखतात.

खोटं कशाला बोला, पहिल्यांदा वच्छलाबाईंना बरं वाटलं. बसा म्हणावं आता पातळ कापडात. पण मग त्यांना त्याचा हात दिसला. पाठीमागे नेऊन गाऊनच्या दोन्ही कडा त्याने मुठीत आवळून धरल्या होत्या. त्यांचं बरं वाटणं तिथंच आंबलं.

तेवढ्यात तंत्रज्ञ कुंदन बाहेर आला. पोरगा वाईट नव्हता, घाईत होता. त्याने चंद्रभानजींचा नंबर पुकारला. ते उठले नाहीत. त्याने पुन्हा पुकारला, ऐकू येतं का म्हणून विचारलं आणि शेवटी दंडाला धरून उठवायला गेला. मूठ सुटली. गाऊन फाकला. चहावाला किटली घेऊन उभा होता, तो हसला. चंद्रभानजी मटकन खाली बसले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

वच्छलाबाई उठल्या. भिंतीला पाठ घासत संडासापर्यंत गेल्या आणि आपलं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन बाहेर आल्या. कुंदन म्हणाला, आजी, कपडे घातले तर नंबर जाईल. त्यांना पाय आठवला, डॉक्टर आठवले.

"जाऊ दे," त्या म्हणाल्या. "मशीन त्या बाईले अन् मले एकच हाये ना? मंग आडोसा काहून येगळा?"

कुंदन म्हणाला, नियम साहेबांचा आहे, आणि आजवर कोणी तक्रार केलेली नाही. मग त्याने बाकाकडे वळून विचारलं, कोणाला काही त्रास आहे का? सगळ्यांनी खाली पाहिलं. रजियाबींनीसुद्धा. आपल्या योजनेचं कार्ड सेंटरवाल्यांच्या हातात, कोण बोलणार?

बोलणारं तोंड त्या बाकावर एकच होतं, आणि ते वच्छलाबाईंना चांगलं माहीत होतं. मानपानासाठी अख्खी पंगत अडवून धरणारं तोंड. ते गप्प होतं, कारण त्याला उभं राहता येत नव्हतं. पिशवीत शेला होता, दुसरं काहीच नव्हतं. तो काढला तर हा माणूस ओळखणार. टोमणा मारला म्हणणार, आणि त्याची परतफेड चंदाच्या ताटात पडणार. त्यांचा हात पिशवीत तसाच राहिला. मग चहावाल्याने पुन्हा तिकडे पाहिलं.

त्यांनी शेला काढला, उलगडला आणि नजर जमिनीवर ठेवून चंद्रभानजींच्या पाठीवरून पांघरला. कुंदन म्हणाला, याला जरीचा काठ आहे, मशीनजवळ जरतार चालत नाही. त्या म्हणाल्या, मशीनले नाही पांघरला, माणसाले पांघरला.

चंद्रभानजींनी दोन्ही हातांनी शेला समोर ओढून घेतला. बोटं काठावरून फिरली आणि थांबली. शेला ओळखला, हे वच्छलाबाईंना कळलं. मग ते उठले. पूर्ण उभे राहिले तेव्हा ते किती उंच आहेत ते सगळ्यांना दिसलं.

"तुह्या साहेबाले बोलाव," ते कुंदनला म्हणाले. आवाज मांडवातलाच होता. "मले तरास हाये. आमच्या ईनबाईले इथं उघडं बसवलं तुमी. मानसाची गुरं नोका करू. नंबर आला का मंगच कपडे बदलू, अन् त्या पडद्याआडच बदलू. तवरोक कोणी उठत नाही इथून."

आमच्या ईनबाई. बोळीत तो शब्द पडला आणि वच्छलाबाईंनी पदर आणखी पुढे ओढला, कारण डोळे भरून आले होते. रजियाबी कोणाला न विचारता उठल्या आणि बुरखा अंगात घालून परत बसल्या. मग बाकीचेही एकेक करून आपापल्या कपड्यांकडे गेले. मशीन रिकामी पडली, तेव्हा साहेब धावत आले.

साहेबांनी आधी आवाज चढवला, मग जागेची अडचण सांगितली, मग पडद्याची खोली सगळ्यांना उघडून दिली. कायमची की त्या दिवसापुरती, देव जाणे. चंद्रभानजींनी तेही विचारलं. साहेब म्हणाले, बघू. त्यावर ते म्हणाले, पहायले मी पुढच्या हप्त्यात येतोच रिपोर्ट न्यायले.

वच्छलाबाईंचा नंबर गेला नाही, शेवटी लागला. नर्सने त्यांना चादरीत गुंडाळून आत नेलं. मशीन डोक्याशी ठणाठणा वाजत होती आणि त्यांच्या मनात एकच घोर होता, की आता चंदाचं काय.

त्या बाहेर आल्या तेव्हा रस्त्यावर कुलदीप चंद्रभानजींच्या पाया पडत होता आणि तुमी इथं कसे म्हणून विचारत होता. टोपी घातलेले चंद्रभानजी उत्तर शोधत होते. वच्छलाबाईंनी सांगून टाकलं, अमरावतीत त्यांचं काम होतं, माझं कळलं म्हणून विचारपूस करायला आले. चंद्रभानजींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

शेला त्यांच्या खांद्यावरच होता. वच्छलाबाईंनी तो घ्यायला संकोचत हात पुढे केला.

"राहू द्या," ते म्हणाले. "मांडवात दिला होता तुमी. माहाच हाये." टोपी सारखी करत ते म्हणाले, "चंदाले सांगीन मी. कापड पातळ नोयतं."

मग त्यांनी ऑटोला हात केला आणि शेला नीट आवळून आत बसले.