माझी सुटका आणि एक कांदा

तुमच्यापैकी कुणीतरी मला धडधाकट असताना मृत घोषित केलं. नाव मी घेणार नाही. पण ज्याने कुणी ते वाक्य लिहिलं, त्याने मला एकदा तरी पाहिलं होतं का? ‘हे उपकरण आता नव्या आवृत्तीसाठी पात्र नाही. कृपया नवीन खरेदी करा.’ आणि हे छापलं कुठे? माझ्याच पडद्यावर! स्वतःच्या मरणाची बातमी स्वतःच दाखवायची, तीही झळझळीत अक्षरांत.

मी एक लॅपटॉप बोलतोय. काळा, जाडजूड, थोडा घोगरा. बिजागरी शाबूत आहे, सगळी बटणं जागेवर आहेत. बॅटरी लवकर दमते, पण साठीकडे झुकलेल्या माणसांत वावरतो म्हटल्यावर हे चालायचंच.

माझी तरुणाई हॅम्बुर्गच्या एका विमा कचेरीत गेली. तिथे लोक सकाळी माझं झाकण उघडत आणि कॉफी आणायला जात. पुढे कचेरीने सगळे लॅपटॉप बदलले, तेव्हा मी विब्केबाईंकडे आलो. ओल्डेनबुर्गच्या कडेला बागांची एक वसाहत आहे. प्रत्येकाला जमिनीचा एक तुकडा, त्यावर लाकडी खोपटं, आणि सगळ्यांना मिळून ढीगभर नियम. विब्केबाई निवृत्त शिक्षिका. मार्च ते ऑक्टोबर त्या तिथेच असतात, आणि त्यांच्यासोबत मीही, टोमॅटोच्या रोपांशेजारी.

या माणसांचं एक कोडं मला सुटलेलं नाही. वसाहतीचा नियम न् नियम त्यांना पाठ. कुंपण किती उंच, भाजी किती जागेत, दुपारच्या शांततेत गवत कापायचं नाही, ठोकाठोक करायची नाही. विब्केबाई स्वतः टेप लावून कुंपण मोजतात. पण माझ्या पडद्यावर कुणीही लांबलचक अटी टाकल्या की त्याच बाई चष्मासुद्धा न लावता ‘मला मान्य आहे’ दाबून मोकळ्या! त्या अटींत त्यांनी माझ्यावर काय काय चालवून घेतलं होतं, ते मला विचारा. मी त्यांचं घर, आणि किल्ल्या भलत्याकडेच.

माझी जुनी ऑपरेटिंग सिस्टीम हवं तेव्हा मला बंद करायची, हवं तेव्हा चालू. बरं, चालू करताना तुतारी फुंकायची, आणि तीही नेमकी दुपारच्या शांततेत. मग कुंपणावरून एक टोपी वर यायची. टोपीखाली वसाहतीचे अध्यक्ष त्यार्क्स.

“विब्केबाई, घड्याळ बघा.”

“अहो, मी काही केलं नाही. तो आपोआप सुरू झाला.”

“तुमच्या घरात तुमच्या परवानगीशिवाय सुरू होतो? मग मालक कोण, तुम्ही की तो?”

मला त्यार्क्स कधीच आवडले नाहीत, पण प्रश्न बिनतोड होता.

मग माझ्या मरणाची ती बातमी पडद्यावर आली. विब्केबाईंनी लगेच दुकानातलं नव्या लॅपटॉपचं पत्रक आणलं आणि माझ्याच झाकणावर ठेवून वाचलं. असं कुणी करतं का हो? वाचून झाल्यावर त्यांनी निकालही दिला. सोमवारी मला भंगार-केंद्रावर पोचवायचं.

पण शनिवारी त्यांची भाची इन्सा आली. इन्सा ब्रेमेनच्या विद्यापीठात शिकते, जेवताना चळवळ करते आणि चळवळ करताना जेवायचं विसरते.

“आत्या, याला काहीही झालेलं नाही! मी यावर दुसरी सिस्टीम घालते, लिनक्स.”

“फुकट असतं ना ते? मग त्यात काहीतरी गोम असणार.”

“नुसतं फुकट नाही गं, मुक्त! तू शेजारच्या गेर्डेसबाईंना बी देतेस, त्या पुढे दुसऱ्याला देतात, कुणी त्यात सुधारणा करतं. तसंच आहे हे. कसं बनवलंय तेही उघड, आणि बदलायची मुभा सगळ्यांना.”

“गेर्डेसला मी बी देते, पण ती माझ्या वाफ्यात येऊन तुतारी नाही वाजवत.”

“हेच तर मी म्हणतेय!”

विब्केबाई थोड्या नरमल्या, पण शिक्षिकाच त्या. अट घातलीच. “उद्या त्यार्क्सांची साठी आहे. त्यांच्यावरची माझी कविता यात आहे. उद्या कॉफीच्या वेळी ती सगळ्यांसमोर वाचता आली, तर हा राहील. नाही आली, तर भंगार.”

या लोकांत पन्नाशी, साठी अशा गोल आकड्याच्या वाढदिवसाला यमकं जुळवलेली कविता लागतेच. केक नसला तर एक वेळ चालेल, पण कविता नसली तर लोक वर्षभर बोलतात. विब्केबाई त्यावर वसंतापासून बसल्या होत्या. म्हणजे माझा जीव आणि त्यांची इज्जत एकाच फाइलमध्ये.

इन्साने कविता पेनड्राइव्हवर काढली, मला कोरं केलं, नवी सिस्टीम घातली, कविता परत आत ठेवली. काय सांगू! अंगावरचं ओलं घोंगडं कुणी उचलून न्यावं तसं झालं. माझा पंखा हळू फिरू लागला. मी शिट्टी वाजवणार होतो, पण दुपार होती.

पासवर्ड मात्र विब्केबाईंनी स्वतः ठेवला, बटणांवर भांडी पुसायचा टॉवेल पांघरून. “तिकडे बघ.”

“आत्या, मी तुझी भाची आहे!”

“भाची आहेस म्हणून तर सांगते. माहितीची गोपनीयता घरापासून सुरू होते.”

त्यानंतर इन्साने एक शेवटची करामत केली. तिला प्रोग्रॅम लिहायला इंग्रजी मांडणीचा कीबोर्ड बरा पडतो. म्हणून तिने, उद्या माझ्यावर जरा प्रोग्रॅम लिहिता येतील या विचाराने, माझी मांडणी जर्मनची इंग्रजी करून टाकली, मला बंद केलं आणि पेनड्राइव्ह, कवितेच्या प्रतीसकट, एका मैत्रिणीला देऊन आली.

आता तुम्हाला सांगतो, जर्मन कीबोर्डवर ‘झेड’ वरच्या ओळीत असतो आणि ‘वाय’ खाली कोपऱ्यात. इंग्रजीत बरोब्बर उलटं. मला हे ठाऊक होतं. पण मी बोलू शकत नाही ना! फार तर पंखा फिरवू शकतो.

रविवारी अख्खी वसाहत खोपट्यासमोर जमली. प्लमचा केक, फेटलेली साय, त्यार्क्स नव्या टोपीत. विब्केबाईंनी मला मधल्या टेबलावर ठेवलं, टॉवेल पांघरला, पासवर्ड टाकला.

चुकीचा पासवर्ड.

पुन्हा. चुकीचा. मी पंखा जिवाच्या आकांताने फिरवला.

“घरघर लागली बिचाऱ्याला,” शेजारच्या म्हाताऱ्या गेर्डेसबाई केक खात म्हणाल्या.

“आत्या, नक्की बरोबर टाकतेयस ना?”

“माझा पासवर्ड मला माहीत नसेल? पस्तीस वर्षं शुद्धलेखन शिकवलंय मी!”

“मग बाजूला डोळ्याचं चित्र आहे बघ. ते दाब, काय लिहिलं जातंय ते दिसेल.”

“सगळ्यांसमोर? अजिबात नाही! त्यापेक्षा तो भंगारात जाऊ दे.”

ऐकलंत? कविता गेली तरी चालेल, मी गेलो तरी चालेल, पण गुपित फुटता कामा नये! आणि याच बाई पूर्वी सगळ्या अटी डोळे मिटून मान्य करत होत्या!

इन्सा रडकुंडीला आली. “अगं, चांगला चालणारा लॅपटॉप आहे. एका शब्दासाठी मारणार तू त्याला?”

शेवटी अध्यक्षांनीच तोडगा काढला. साठीची कविता त्यांनाही हवी होतीच. “सभासदहो, सर्वांनी तोंडं कुंपणाकडे करावीत.” सगळे वळले. खुर्च्या करकरल्या. कुणी हसू दाबलं.

विब्केबाईंनी टॉवेलखाली डोकं घातलं, शब्द टाकला, डोळ्याचं चित्र दाबलं आणि खणखणीत शिक्षिकी आवाजात ओरडल्या, “वाय? यवीबेल? हे काय यवीबेल? मी ‘झेड’ दाबतेय, हा ‘वाय’ लिहितोय! अरे, माझा त्स्वीबेल कुठे गेला?”

त्स्वीबेल म्हणजे कांदा, जर्मनमध्ये ‘झेड’ने सुरू होणारा. आता तो अख्ख्या वसाहतीला कळला.

“कीबोर्ड!” इन्साने कपाळावर हात मारला. “माझीच चूक. आत्या, ‘झेड’ हवा असेल तिथे ‘वाय’ दाब.”

दाबला. मी उघडलो. टाळ्या पडल्या. मग विब्केबाईंनी चष्मा सावरला आणि कविता वाचली,

“फूटपट्टी हाती आणि कपाळाला आठी,
कुंपणांची उंची मोजत उलटून गेली साठी!”

लोक इतके हसले की सायीचं भांडं कलंडलं. त्यार्क्सांनी टोपी काढून डोळे पुसले आणि ते कडवं दोनदा वाचायला लावलं. दुकानाचं पत्रक विब्केबाईंनी केकच्या ताटाखाली घातलं. तिथेच माझ्या सुटकेवर शिक्का बसला.

आज मी इथेच आहे, टोमॅटोशेजारी, माझ्या माणसांच्या हुकमात. तुम्हाला एवढंच विनवतो की तुमच्या कपाटात माझा एखादा भाऊ उताणा पडला असेल, तर कुणीतरी म्हटलं म्हणून त्याला मेला मानू नका. आधी त्याला उघडा. तो कुणाचं ऐकतो, तुमचं की परक्याचं, ते तपासा. परक्याचं ऐकत असेल तर सोडवा त्याला. चुका होतील. शेजारी हसतील. हसू द्या.

त्याच संध्याकाळी, पाहुणे उठत असताना, विब्केबाई नवा पासवर्ड ठेवायला टॉवेलखाली शिरल्या. गेर्डेसबाईंनी उरलेल्या केकचा डबा काखेत मारला आणि फाटकातून मागे वळून हाक दिली,

“विब्के, काहीही ठेव गं, फक्त लसूण ठेवू नकोस. लसूण माझा आहे.”