रद्द झालेला तास

बाळांनो, घटकाभर असं समजा की तुम्ही चौथीत आहात. हातात पाच लिटरची दुधाची किटली आहे, तिची कडी बोटांत रुतते आहे. गावातली बाकीची पोरं डेअरीत दूध घालायला निघालीत, तसे तुम्हीही निघालात. पण डेअरी जवळ येईल तसे पाय जड होतात. का ते तुम्हाला ठाऊक आहे. सांगायला शब्द मात्र सापडत नाही.

शिरोळजवळच्या एका गावात क्रांतीचं रोज संध्याकाळी असंच व्हायचं. डेअरीत माप घेणारा सयाजीमामा सगळ्या गावाच्या विश्वासातला. पोरांना गोळ्या वाटायचा. क्रांतीला मात्र तो सगळ्यांच्या मागं थांबवून घ्यायचा, जवळ ओढायचा, आणि ‘नको’ म्हटलं तरी हात काढायचा नाही. वर म्हणायचा, “कुणाला सांगायचं न्हाय हं.”

तिनं आईला सांगितलं होतं. भाकरी थापता थापता आईचा, संयोगिताचा, हात थांबला. मग तिनं पिठाच्या हातानंच पोरीचं तोंड दाबलं.

“गप! परत असलं काय बोललीस तर बघ. भावकीत कळलं तर तोंड दाखवायची सोय ऱ्हाणार न्हाय.”

दुसऱ्या दिवशी किटली पुन्हा तिच्याच हातात.

त्याच आठवड्यात शाळेत पालकसभा भरली. चौथीला शिकवणाऱ्या अमीरबी मुल्ला, पोरांच्या मुल्लाबाई, वर्गात एक नवा तास घेणार होत्या. त्यासाठी त्यांनी स्वतः तक्ता रंगवला होता. क्रांती आईची वाट बघत खिडकीखाली बसली होती, तिला आतलं सगळं ऐकू येत होतं.

“बाई, एवढ्याशा पोरास्नी असलं शिकवायचं असतंय व्हय?” जोतीराम पाटील गरजला. “आमास्नी कुणी शिकवलं न्हवतं, तरी पोरंबाळं झालीच की!”

सगळे खो खो हसले. मुल्लाबाई हसू विरेपर्यंत थांबल्या.

“पाटील, पोरं कशी होतात ते मी सांगणार नाही. आपलं अंग आपलं असतं, एवढंच सांगणार. नकोसा हात कुणी लावला तर ओरडायचं, पळायचं आणि घरात सांगायचं. घरात ऐकलं नाही, तर दुसऱ्या मोठ्या माणसाला सांगायचं. कुणीतरी ऐकेपर्यंत सांगत राहायचं.”

“म्हंजे घरच्यांवर संशय घ्यायला शिकवनार!” मागून कुणीतरी ओरडलं.

क्रांती टाचा उंचावून उभी राहिली. आई तिला दिसली. आईनंही तिला पाहिलं, आणि नजर खाली घातली.

वाद मिटेना, तेव्हा हेडमास्तर म्हणाले, ज्यांना तास नको त्यांनी सह्या द्याव्यात. गावात सह्यांचा कुठलाही कागद डेअरीतच ठेवायची रीत होती, कारण दोन्ही वेळेला अख्खं गाव तिथंच येतं. हाही कागद तिथंच गेला.

त्या संध्याकाळी क्रांतीचे वडील कृष्णात तिच्याबरोबर होते. मापाच्या टेबलावर कागद, आणि पेन पुढं करणारा सयाजीमामा.

“करा सही, दाजी. पोरं नासवायचे धंदे हैत हे.”

“व्हय की,” म्हणत कृष्णातनं न वाचताच सही केली.

“पोरगी गुणाची हाय तुमची,” मामा म्हणाला आणि त्यानं क्रांतीच्या हातातली किटली घेतली. वडील कौतुकानं हसले.

एक्क्याण्णव सह्या झाल्या. तास रद्द. मुल्लाबाईंनी तक्त्याची गुंडाळी केली, तिला दोरा बांधला आणि ती कपाटावर टाकली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईनं किटली पुढं केली. क्रांतीनं ती घेतली. डेअरीच्या वाटेवर एस्टीचा थांबा लागतो. कोल्हापूरची गाडी आली होती, मुल्लाबाईंचा एक पाय पायरीवर होता.

“बाई!”

बाईंनी वळून पाहिलं.

“चढतासा न्हवं, बाई?” कंडक्टर खेकसला.

क्रांतीचा आवाज चिरका निघाला. “बाई, घरात सांगून झालंय.”

मुल्लाबाई पायरीवरून खाली उतरल्या. घंटी वाजली, गाडी धुरळा उडवत गेली. क्रांतीनं दुधानं भरलेली किटली रस्त्याच्या कडेला ठेवली, आणि ती अगदी पहिल्यापासून सांगू लागली.