डब्याची मागची बाजू

घरात तिला सगळे भिंगरीच म्हणत. हातात आलेली वस्तू चहूबाजूंनी फिरवून पाहिल्याशिवाय बाईंना चैन पडत नसे. तिला फोटोच्या दुकानात संगणकापुढे नोकरी लागली, म्हणजे आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला!

आत्या निवृत्त होणार होती. विणकामाच्या सुया ठेवायला तिला एक उंच, गोल डबा हवा होता आणि त्याच्याभोवती घरातल्या सगळ्यांचा फोटो. तिची खरी इच्छा मात्र वेगळीच होती: दोघा भावांनी त्या दिवशी एकदा तरी तिच्या घरी एकत्र जेवावं. बाबा आणि काका यांचं विळ्याभोपळ्याएवढं सख्य. भांडण कशावरून झालं, हे आता दोघांनाही धड सांगता येत नसे. फोटोतसुद्धा एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला. हो-ना करत बाबा यायला तयार झाले होते, पण जाताजाता बजावलंच, "डब्यावर त्याच्या शेजारी मी दिसलो, तर आल्या पावली परत जाईन."

भिंगरीने पडद्यावर डबा काढला आणि फोटो त्याच्याभोवती गुंडाळला. गंमतच होती! फरशीची सरळ रेघ वाकून कमान झाली. मधली आत्या ऐसपैस, डब्याच्या वळणावर आलेले भाचे अंग चोरून उभे. मागे काय झालं असेल? तिने डबा फिरवला, आणि बघते तो काय! कागदावर सगळ्यांत लांब असलेले बाबा आणि काका मागच्या बाजूला खांद्याला खांदा लावून उभे होते.

नेमके तेव्हाच घराची किल्ली द्यायला बाबा दुकानात आले.

"हे काय? मी काय सांगितलं होतं?"

"मी नाही हो आणलं! कागद गोल केला की टोकं शेजारी येतातच."

"येतात म्हणजे? कशी येतात?"

तिने एक कोरा कागद त्यांच्या हातात दिला. बाबांनी तो गुंडाळला, उलगडला, पुन्हा गुंडाळला. चिडायचं ते विसरूनच गेले. ही फिरवून बघायची खोड भिंगरीत कुठून आली, ते तिला आज कळलं.

"मध्ये पांढरी पट्टी टाकू का?" तिने भीतभीत विचारलं.

चष्मा सावरून बाबा पडद्याजवळ वाकले.

"याचा कान कुठे गेला?"

"जोडाखाली. एक टोक दुसऱ्यावर चिकटवावं लागतं, नाहीतर फट दिसते. तुमची बाजू वर आहे, म्हणून काकांचा कान झाकला गेला."

"लहानपणी फार ठणकायचा तो कान," बाबा म्हणाले. "रडून घर डोक्यावर घ्यायचा. मग तळहात गरम करून मीच धरून बसायचो, झोप लागेपर्यंत."

भिंगरीने डबा जरा फिरवून जोड मधोमध आणला.

"त्याची बाजू वर घे," बाबा म्हणाले.

"मग तुमचा खांदा खाली जाईल, बाबा."

"जाऊ दे. त्याचा कान झाकू नकोस."