आनंदाबाईच्या नावावरचा कापूस

सेलूच्या जिनिंग कारखान्यावर चंद्रभानचा नंबर लागला तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. सकाळी सातला हिंगणीहून निघालेली ट्रॉली रांगेत सरकत सरकत एकदाची फाटकाशी आली. ट्रॅक्टर शेजारच्या रूपरावचा होता आणि कापूस चंद्रभानचा. म्हणजे घरचाच, पण कागदावर त्याच्या बायकोचा. त्याच्या बापानं जाण्याआधी तीन एकर सुनेच्या नावावर केलं होतं. लेक म्हणाल तिथं सही करतो, सून आधी कागद वाचते, हे म्हाताऱ्यानं बघून ठेवलं होतं.

परदेशातून येणाऱ्या कापसावरचा कर सरकारनं काढला आणि गावात येणाऱ्या व्यापाऱ्यांचा भाव घसरला. जिनिंगवरचं सरकारी हमीभावाचं हे केंद्र तेवढं उरलं होतं.

केंद्राच्या टेबलाशी आचल नावाची पोरगी बसली होती. तिनं मोबाईलमध्ये बघून विचारलं, "आनंदाबाई चंद्रभान? कुठं आहेत बाई?"

"घरी आहे," चंद्रभान म्हणाला.

खोटं बोलायचं त्याच्या मनात नव्हतं. बियाणंवाला येवो की ग्रामसेवक, बाई कुठं आहे म्हटलं की तीस वर्षं तो हेच सांगत आला होता. आनंदाबाई भादव्यात गेली. जीभ अजून जुन्याच सवयीनं चालत होती.

"मग घेऊन या त्यांना, काका. यंदा ज्याचा सातबारा त्याचाच चेहरा मोबाईलले दाखवा लागते. त्याशिवाय काटा होत नाही."

तेवढ्यात रूपराव पुढं झाला. "बाईले बरं नाई, मॅडम. खाटीवरून उठता येत नाई."

"मग तसं सांगा ना! आजारी माणसांसाठी सोय आहे. वैभव, काकाले मागं बसव अन् घरी जाऊन बाईंचा चेहरा घेऊन ये."

वैभव नावाच्या कर्मचाऱ्यानं खिशातून गाडीची किल्ली काढली. मागून कोणीतरी ओरडलं, "अबे, सोयरीक जमवून राह्यले का तिथं? सरका ना पुढं!"

वैभवनं गाडी सुरू केली. चंद्रभाननं मागच्या सीटवर पाय टाकला आणि परत खाली घेतला. घरी नेऊन या माणसाला दाखवायचं काय?

"राहू दे, बापू," तो म्हणाला. "घरी कोणी नाई. वारली ती. तीन महिने झाले."

वैभवनं गाडी बंद केली. आचलनं मोबाईल टेबलावर पालथा ठेवला. "मग घरी आहे काऊन म्हटलं, काका?"

"सवय, बाई."

तिनं पुढं काय करायचं ते समजावून सांगितलं. आधी तलाठ्याकडे वारस नोंद, तिची पंधरा दिवसांची नोटीस. सातबारावर चंद्रभानचं नाव चढलं की त्याच्या नावानं नवी नोंदणी. नोंदणीची तारीख मात्र परवा संपत होती. वाढली तर ठीक.

ट्रॉली रांगेबाहेर निघाली. फाटकाबाहेर व्यापारी प्रभाकरराव आपला काटा लावून बसलाच होता. "इकडं या, चंद्रभानभाऊ! माह्या काट्याले नाव लागत नाई, तोंड लागत नाई. कापूस हाय ना? बस."

"देऊन टाक," रूपराव म्हणाला. "घरात ठेवशीन तं कापसातल्या किड्यानं रात्रभर अंग खाजवत बसशीन. अन् डिझल काय फुकट येते?"

त्याचं चुकत नव्हतं. पण चंद्रभान ट्रॉलीजवळून हलला नाही. हमीभावासाठी ऑगस्टमध्ये पिकाची नोंद मोबाईलवरून करायची होती, तीही शेतातच उभं राहून. कधी रेंज नसायची, कधी सरकारची मशीन बंद. अंगात ताप घेऊन आनंदाबाई तीन दिवस कापसात उभी राहिली आणि चौथ्या दिवशी पिकाचा फोटो गेला. या केंद्राची नोंदणीही तिनंच दवाखान्याच्या खाटेवरून केली.

"तापात चार दिवस उभी होती ती," चंद्रभान म्हणाला. "याच्याच काट्यावर टाकाचा असता तं घरी निजली नसती का?"

रूपरावनं ट्रॅक्टर चालू केला. "कुठं न्यू?"

"तलाठ्याकडे."

त्याची पोरगी उज्ज्वला दोनदा फोनवर म्हणाली होती, बाबा, नोंद करून घ्या. तो आज जातो, उद्या जातो म्हणत राहिला. नोंद झाली की सातबारावर जुनं नाव रद्द म्हणून कंसात टाकतात, हे त्याला ठाऊक होतं.

तलाठी पौर्णिमाताई कुलूप लावायच्या बेतात होत्या. त्या परत खुर्चीत बसल्या. मृत्यूचा दाखला पिशवीत होताच.

"वारस किती?"

"मी अन् एक पोरगी."

"इथं सही करा."

त्यानं केली. मग विचारलं, "कंसात गेलं तरी नाव वाचता येते ना?"

"येते, काका. काही वर्षं तरी राहते."

हिंगणीला पोचेस्तोवर अंधार पडत आला. दोघांनी कापूस उतरवून परत आतल्या खोलीत भरला. रूपराव ढिगावर चढून पायांनी तो दाबत होता. शिंकून शिंकून त्याचे डोळे लाल झाले.

"तारीख नाई वाढली तं?"

"तं प्रभाकरराव हायेच."

"मंग आजच काऊन नाई दिला, लेका? दिवसभर मले फिरवलं!"

चंद्रभाननं खाली सांडलेला कापूस गोळा करून ढिगावर टाकला.

"आज तिच्या नावाचा होता. माह्या नावाचा झाला का मंग कोणालेई देऊ."

रूपराव खाली उतरला. दोघांनी मिळून दार ओढून घेतलं.