तीन नंबरची पिवळी पट्टी

या, जवळ सरका. कीर्तनाला पुढची जागा नेहमी रिकामी राहते आणि दाराशी मात्र रेटारेटी, तसं आज नको. गोष्ट माझ्याच पोटदुखीची आहे, आणि ती मोठ्या आवाजात सांगायला मला लाज वाटते.

मी वाचनालयात संगणकांचं बघतो. वाचकांसाठी भिंतीला ओळीने बारा संगणक आहेत. दर सोमवारी, दार उघडण्याआधी, मी एकेका संगणकापुढे बसून ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जायचो. आपोआप उघडणाऱ्या खिडक्या बंद, सूचना बंद, ठावठिकाणा बंद, कॅमेरा बंद, आणि वाचनालय म्हणून आवाजही बंद. कारण वाचकांचं कसं, की ‘परवानगी द्या’ दिसलं रे दिसलं की देऊन मोकळे! वर विचारतात, “दादा, ह्याच्यात सारख्या जाहिराती का उड्या मारतात?” त्यात मोठी विद्या काही नव्हती, चार क्लिकचं काम. पण ग्रंथपालबाई पाहुण्यांना सांगायच्या, “दादा आहेत म्हणून.” त्या तीन शब्दांवर माझा आठवडा निघायचा.

मग धाकटे साडू आमच्या वाचनालयात नोकरीला लागले. बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. हसतमुख, नीटनेटके, हातात कायम पुसायचं फडकं. पंधरा दिवसांत त्यांनी स्वतः बनवलेलं एक छोटं सॉफ्टवेअर आणलं. एक खिडकी, तीत पाच बटणं आणि खाली ‘सगळ्यांना लागू’. रोज सकाळी संगणक सुरू झाला की ते आपलं आपण चालायचं आणि सगळं बंद करून टाकायचं.

“बघा दादा, तुमचे दोन तास वाचले!” साडू म्हणाले.

ग्रंथपालबाईंनी तर टाळ्याच वाजवल्या. “दादा, आता सोमवारची फेरी बंद. तुम्ही आरामात या.”

आरामात या! नको असलेल्या माणसाला याहून गोड शब्दांत कोण सांगणार? घरी कपड्यांच्या घड्या घालता घालता बायको म्हणाली, “अहो, धाकट्यांनी म्हणे एका बटणात सगळं केलं. तुम्ही इतकी वर्षं काय करत होतात?”

“घाम गाळत होतो,” मी म्हणालो. “आणि तुझ्या त्या बटणरावांना म्हणावं, शर्टाचं बटण तरी लावता येतं का?”

“जळू नका. आंबट तोंड झालंय.”

झालंच होतं. प्रार्थनेला डोळे मिटले तरी तेच पाच बटणांचं चौकोनी भूत समोर. देवाकडे काय मागितलं सांगू? “त्याचं एकदा फसू दे.” देवासमोर बसून दुसऱ्याचं वाईट मागणारा भक्त मीच पहिला नसेन, पण म्हणून काही त्याचं पुण्य होत नाही.

आता मूळ पदाकडे येतो. माझी एक पद्धत होती. एखाद्या संगणकावर एखादी गोष्ट मुद्दाम उघडी ठेवायची असेल, तर पडद्याच्या कोपऱ्याला रंगीत चिकटपट्टीचा तुकडा लावायचा. निळा म्हणजे कॅमेरा चालू. नऊ नंबरवर एक आजोबा परदेशातल्या लेकीशी बोलत. पिवळा म्हणजे एका ठरावीक पानाचा आवाज चालू. तो एकच होता, तीन नंबरवर, शिवणबाईंसाठी.

शिवणबाईंनी चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवलं, त्यात डोळे गेले. आता पडद्यावरचं धूसर दिसतं. रोज दहाला येऊन हेडफोन लावून त्या एका वृद्ध बुवांची कीर्तनं ऐकत. ते पान मीच शोधून दिलं होतं, कारण मलाही त्या आवाजाचं वेड. ऐकताना त्यांचं बोट टेबलावर ठेका धरायचं. मला हेडफोनची गरज नसे. बोट बघून कळायचं, बुवा कथेत आहेत की गजरात.

ते सॉफ्टवेअर सोमवारपासून सुरू व्हायचं होतं. आदल्या रविवारी साडूंनी स्पिरिटने सगळे पडदे पुसले आणि चिकटपट्ट्यांचा कचरा खरवडून काढला. मी तिथेच उभा होतो. पट्ट्या गेल्या म्हणजे कुठे काय उघडं ठेवायचं याची खूण गेली, आणि सॉफ्टवेअर काही वगळत नाही, हे मला त्याच क्षणी कळलं. मी बोललो नाही. म्हटलं, सुंठीवाचून खोकला जाईल. येऊ दे तक्रार.

आजोबांनी सोमवारी आपला मोबाइल काढला आणि बाहेर जाऊन बोलले. शिवणबाई मात्र आल्या, बसल्या, हेडफोन लावला. पडद्यावर बुवांचे ओठ हलत होते. बाईंचं बोट हललं नाही. मंगळवारीही नाही. बुधवारीही त्या तासभर तशाच बसल्या. तक्रार नाही, काही नाही. मी रोज लांबून बघायचो आणि मनात म्हणायचो, ‘अजून एक दिवस. ओरडतील.’

गुरुवारी त्या माझ्या टेबलाशी आल्या आणि सभासद-कार्ड पुढे केलं.

“दादा, हे घ्या परत. आता माझा काही उपयोग नाही.”

“का हो बाई?”

“कान गेले. माणसांचं बोलणं पोचतं, पण बुवांचं गाणं पोचत नाही. डोळे गेले तेव्हा म्हटलं, कान आहेत. आता देवानेच तोंड फिरवलं, त्याची तक्रार कुणाकडे नेऊ?”

“तुमचे कान ठणठणीत आहेत. देवाने नाही, तोंड मी फिरवलं होतं.”

त्यांना हाताला धरून तीन नंबरवर बसवलं. सेटिंगमध्ये जाऊन त्या पानाला आवाजाची परवानगी दिली. दोन क्षण काहीच नाही. मग बोट हललं. एकदा, दोनदा, आणि ठेक्यात आलं. बाई रडत होत्या आणि बोट चालूच.

पण उद्या सकाळी संगणक सुरू झाला की ते पुन्हा बंद होणार. म्हणजे साडूंच्या पायरीशी जाणं आलं.

मी सगळं सांगितलं. साडूंच्या हातातलं फडकं थांबलं. “अरे देवा! मी त्या पट्ट्या कचरा म्हणून काढल्या.”

“काढताना मी बघत होतो.”

“मग बोलला का नाहीत?”

“पोटात दुखत होतं.”

त्यांनी फडकं बाजूला ठेवलं. “आणि आता?”

“आता थोडं कमी आहे.”

ते हसले नाहीत. खुर्ची ओढून म्हणाले, “बसा. कुठल्या रंगाचा अर्थ काय, सांगा.” दुपारपर्यंत त्यांनी त्या खिडकीत एक नवी जागा केली: कुठल्या संगणकावर कुठलं पान वगळायचं त्याची.

तेवढ्यात ग्रंथपालबाई आल्या. शिवणबाईंचं त्यांच्या कानावर गेलं होतं. “दादा, तुम्हीच सांगा. हे असलं छोटं सॉफ्टवेअर ठेवायचं की काढून टाकायचं?”

एका शब्दात माझी सोमवारची फेरी परत येत होती. जिभेवर ‘काढा’ आलंही होतं. साडू मान खाली घालून बसले होते.

“ठेवा,” मी म्हणालो. “चार क्लिकच्या कामाला दोन तास कशाला? फक्त त्याने काय बदललं ते उघड दिसलं पाहिजे. आणि कुणाला वगळायचं, ते माणसाला विचारूनच.”

बायको अजूनही धाकट्यांचं कौतुक करते. अजूनही बोचतं, खोटं कशाला बोलू? पण तीन नंबरला पिवळी पट्टी पुन्हा आहे. ती साडूंनीच लावली, अगदी सरळ. माझी वाकडी असायची.

तुम्हालाही कुणी असं एका बटणाचं साधन दिलं तर खुशाल घ्या. फक्त ‘सगळ्यांना लागू’वर बोट ठेवाल, तेव्हा तीन दिवस आपल्याच कानांना दोष देत गप्प बसलेल्या शिवणबाईंना एकदा आठवा.