अदलाबदलीचा रविवार

कॉफीच्या रिकाम्या डब्यातून होईट सेट्झरने चिठ्ठी काढली, हात लांब करून वाचली आणि हसला.

"आठ नंबर."

रांगेत टाळ्या पडल्या. ओडेल सिगमनने मात्र टाळी वाजवली नाही. आठ नंबर म्हणजे मार्ली बमगार्नरची गाडी, यंदाच्या मोसमात नऊ शर्यती मारलेली. पाठोपाठ मार्लीने चिठ्ठी काढली तर एक्केचाळीस. म्हणजे होईटचीच गाडी, ओडेलने बांधलेली. देवाला आज दुसरा उद्योग नव्हता की काय, असं ओडेलला वाटलं.

मोसमाच्या शेवटच्या रविवारी दुपारी या ट्रॅकवर ही अदलाबदल होते. करामत गाडीची की चालवणाऱ्याची, यावरून कधीकाळी दोघा ड्रायव्हरांनी एकमेकांचे दात पाडले होते. तेव्हापासून चिठ्ठ्या काढायच्या, दुसऱ्याची गाडी घ्यायची आणि दहा फेऱ्या मारायच्या. वाद काही मिटला नाही. उकडलेल्या शेंगा खात लोक तो वर्षभर घालतातच.

यंदा तो होईटवरून चालला होता. सव्वीस वर्षं हा माणूस ओडेलच्या गाड्या चालवत आलेला, पहिल्या तिघांत ठरलेला. यंदा नववा, अकरावा, एकदा तर शेवटचा. लोकांनी निकालही लावून टाकला होता. होईट अजून तोच वाघ आहे, ओडेलचा हात उतरलाय. आणि होईट स्वतः चारचौघांत तेच म्हणायचा.

ओडेल ऐकून घ्यायचा. मार्चमध्ये त्याची थोरली बहीण अर्वेला, म्हणजे होईटची बायको, गॅरेजात येऊन टायरवर बसली होती.

"चहा ओततात तो ग्लासाच्या बाहेर," ती म्हणाली. "उजव्या बाजूचं दिसतच नाही त्यांना. डॉक्टरचं नाव काढलं की घर डोक्यावर घेतात. गाडी सोडायला लावली तर खुर्चीत बसून झुरतील, नाही लावली तर भिंतीवर जातील. तूच कर बाबा काहीतरी."

भिंत या ट्रॅकवर उजव्याच हाताला असते.

ओडेलने एवढंच केलं. अॅक्सिलरेटरच्या पेडलमागे एक बोल्ट असतो, पेडल त्याच्यापुढे जात नाही. तो त्याने बोटभर लांब बसवला. होईटला वाटायचं आपण पेडल तळाला टेकवलंय, पण इंजिनाला पाऊणच मोकळीक मिळायची. त्या वेगात भिंत सांभाळता येते. वर्षभर होईट जिवंत घरी आला आणि वर्षभर ओडेलने शिव्या खाल्ल्या. सौदा त्याला परवडत होता.

आता मार्ली एक्केचाळीसमध्ये बसून सीट जुळवत होती. तिने पेडल दाबलं, परत दाबलं, मग वाकून आत हात घातला.

"ओडेलकाका," ती हळूच म्हणाली, "हा बोल्ट कुणी बसवला?"

"मीच."

"चुकून?"

ओडेलने मान हलवली. खोटं बोलायला त्याला काही सुचेना. "त्यांना उजवीकडचं दिसत नाही," तो पुटपुटला. "ताईला आणि मला, दोघांनाच ठाऊक आहे."

मार्लीचा चेहरा उतरला. चोवीस वर्षांची पोर, पण गाडीतलं सगळं कळायचं तिला. "माझ्या गाडीला असलं काही नाहीये हो, काका. ती सुसाट सुटते. जा, सांगा त्यांना. आत्ताच्या आत्ता."

ओडेल पळतच गेला. होईट पट्टे आवळून बसला होता, हेल्मेट मांडीवर.

"दाजी, आज राहू द्या."

"का रे? चांगली गाडी हाताला लागली म्हणून पोटात दुखतंय?"

"तसं नाही. तिसऱ्या वळणाला भिंत..."

"भिंत कुठं आहे ते तू शिकवणार मला?" होईटने हेल्मेट चढवलं. "वर्षभर बैलगाडी दिलीस. आज कळू दे लोकांना, खोट कशात होती ते."

एवढं बोलून त्याने इंजिन सुरू केलं, आणि ओडेलच्या तोंडातलं तोंडातच राहिलं. वर्षभरात हजार वेळा सांगता आलं असतं. भित्रा मेला, त्याने स्वतःलाच शिवी घातली.

हिरवा झेंडा पडला. ओडेल तारेच्या जाळीला धरून उभा राहिला. पलीकडे अर्वेला पायऱ्यांवर उभी होती, पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरून. पहिल्या फेरीत होईटने चार गाड्या मागे टाकल्या. दुसरीत आणखी तीन. लोक उभे राहिले, कुणीतरी ओडेलच्या पाठीत थाप मारून म्हणालं, "बघ लेका, गाडी असावी तर अशी." ओडेलने मागे वळूनही पाहिलं नाही.

तिसऱ्या फेरीला, तिसऱ्या वळणावर, आठ नंबर उजवीकडे सरकत गेली. भिंत आहे हे ठाऊकच नसल्यासारखी. पत्रा घासला, ठिणग्या उडाल्या, आणि ओडेलने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा गाडी चालत होती. एक हात खिडकीबाहेर काढून होईट हळूहळू ट्रॅक सोडून आत येत होता.

त्याला बाहेर निघायला वेळ लागला. उतरल्यावरही तो गाडीच्या टपावर हात ठेवून उभाच राहिला. दहा फेऱ्या संपल्या, बारावी आलेली मार्ली धावत आली.

"चूक माझी, काका," सगळ्यांना ऐकू जाईल असं ती होईटला म्हणाली. "सकाळपासून उजवीकडे ओढत होती गाडी. सांगायचं राहिलं."

माणसं माना डोलवायला लागली. गाडीच ती, ओढते कधीकधी.

"नाही," होईट म्हणाला. "गाडी सरळ आहे तुझी, पोरी. मला भिंत दिसली नाही."

होईट ओडेलकडे वळला. "तुझ्याही गाडीत खोट नव्हती ना?"

मार्लीने ओडेलकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"नव्हती, दाजी," ओडेल म्हणाला.

"फार बोललो मी तुला."

"असू द्या."

एक्केचाळीस ट्रकमागच्या ट्रेलरवर चढवून होईपर्यंत उन्हं कलली. अर्वेला मधल्या जागेवर जाऊन बसली. एकोणीस वर्षं हा ट्रक होईटनेच चालवलेला. आज तो समोरून वळसा घालून उजव्या, चालकाशेजारच्या दाराशी गेला, ते दार त्याने आधी हाताने चाचपलं, मग उघडलं. किल्ली त्याने ओडेलला दिली.

होईट सहा फुटांहून उंच, ओडेल बुटका. ओडेलने सीट पुढे ओढायला खटका दाबला, तर तो हलेचना. एकोणीस वर्षांत कुणी हलवलाच नव्हता, गंजून बसला होता. ओडेलने दोन हिसके दिले. मग नाद सोडला, सीटच्या कडेवर टेकून बसला, आणि पाय ताणून पेडलपर्यंत नेला.